मी झोपले म्हणून

लिवा बाई. तुमी शाळंतल्या बाई, तुमाला लिवाया येतं, मला येत न्हाई, मला नुसतं बोलाया येतं आन तेबी आजपातुर कुनी बोलू दिलं न्हाई. तीन वरसं तुमच्या घरची भांडी घासते मी, येकदा तरी माझा आवाज वर चढल्याला आयकला का तुमी, न्हाई ना, मंग आता आयका. दिस भरल्यात माझं, पोट खाली उतारलंया, चार दिसांत कवाबी व्हईल. आन परवाच्याला सासरची बैलगाडी येनार हाय मला बाळतपनाला न्याया, सासू सोता येनार हाय गाडीत बसून, आन मी जानार न्हाई. का जानार न्हाई तेवडं लिवून ठिवा. मी जगले वाचले तर बरंच हाय, न्हाई तर माझी तारी मोठी झाली की तिला वाचून दावा, म्हनावं तुझी आई अशी म्हनत व्हती.

मी ठकू. टाकवे बुद्रुक माझं माह्यार, बापाची भाताची खाचरं नदीच्या आंगाला, चांगली जमीन, घरी तूपलोनी, मला काय कमी नव्हतं. बाराव्या वरसाला उजवली मला आन दिली नाने मावळात, कामशेतापसनं लय आत, बाजाराला कामशेताला जायचं म्हंजे पाक दिस मोडतो. मालक रेल्वेत, हितं लोनावळ्याच्या घाटात लायनीवर गँगात कामाला, शनवारी गाडीनं कामशेतापातुर यायचं आन तितनं चालत घरी, येक रात राहून परत. म्हंजे माझा संसार नवऱ्यासंगं नव्हं, सासूसंगंच झाला म्हना. तिला तोंडावर मी आत्याबाई म्हनते, अहोजाहो करते, पर हितं तुमच्यापाशी म्हातारीच म्हननार. खोटं कशाला बोलू, तिनं मला कवा मारलं न्हाई, खायाला कमी केलं न्हाई, चुलीवरचं पयलं मला वाढायची कवा कवा. पर तोंड! येक गोष्ट तिनं धरली की धरली, मंग ती पानवठ्यावर सांगनार, बाजारात सांगनार, आल्यागेल्याला सांगनार, आन तुमी समोर हंडा घिऊन हुबं आसलं तरी सांगनार.

सोळाव्या वरसाला मला पयल्यांदा दिस गेलं. पयलं बाळतपन माह्यारी, ही तर जगाची रीत हाय का न्हाई बाई, भिकाऱ्याच्या पोरीलाबी आईचं घर मिळतं तवा. माझी आई जेठ सरता सरता आली, दुरडीत कायबाय करून घिऊन, चिखलातनं, भाऊ संगं. म्हातारी म्हनली, बसा इहीनबाई, पानी प्या, पर पोर आत्ता कशी धाडू, आवनी तोंडावर आली, चार हात कमी पडत्यात, भात लावून झालं की मीच आनून घालते. आवनी म्हंजे तुमाला ठावं हाय ना, भाताची लावनी, चिखलात दिसभर कंबरंत वाकून. नववा महिना चालू हाय आन ही बाई म्हनती आवनी झाल्यावर. आन माझी आई, काय सांगू तुमाला, माझी आई हूं की चूं न करता दुरडी रिकामी करून निगून गेली. पोरीकडची ना ती, पोरीकडच्यानं बोलायचं नसतं. मला म्हातारीचा राग हाय पर त्या दिसाचा राग मला माझ्या आईचाच जास्ती हाय. मेली बिचारी, पर राग हाय तो हाय.

आवनीतच मला कळा सुरू झाल्या. बांधावर बसले, परत वाकले, परत बसले, दुपारच्याला मला गोठ्यात आनून टाकली, घरात सगळं वल्लं व्हतं म्हनून गोठ्यात. आता बाई येक गोष्ट सांगते, ही मी कुनाला सांगितली न्हाई, नवऱ्याला न्हाई, आईला न्हाई, आन तुमी लिवताना गाळायची न्हाई. कळा येत व्हत्या ना, त्यातली येक आशी आली की मला वाटलं आता मी मधनं फाटते, तवा माझ्या मनात काय आलं तर हे पोर मरू दे. मरू दे पन मला सुटू दे. मला कुटं हौस व्हती पोराची, मला माझ्या आईच्या घरी जाऊन पडायचं व्हतं. लोकं म्हनत्यात बाईला त्या वक्ताला देव आठवतो. मला कुनी देव आठवला न्हाई. मला चिखल आठवत व्हता, पाठ आठवत व्हती आन म्हातारीचं तोंड आठवत व्हतं, आन मनात ह्येच की मरू दे.

पोरगा झाला. धुरपामावशी म्हनून सुईन व्हती वस्तीतली, म्हातारी, हात हलका, तिला मी काय बोलनार न्हाई, तिला जे शिकवलं ते तिनं केलं. तिनं नाळ कापाया इळा मागितला. कुडाला खोचलेला इळा व्हता, त्याच दिशी सकाळी त्यानं बैलांना गवत कापून आनलेलं, तो म्हातारीनं काडला, लुगड्याला पुसला आन दिला. त्यानं कापली. पोरगा कसा व्हता सांगू, लांबडा, आन वराडला की गोठ्यातला बैल मागं सरायचा. तीन दिस थानाला असा लागायचा की मला वाटलं हा मला खाऊन टाकतोय, आन मला ते आवडाया लागलं. मनातलं ते मरू दे मी पुसून टाकलं, देवाला म्हनलं म्या तसं म्हनलंच न्हाई, तू आयकू नगं.

मंग पाचवी आली. तुमच्यात बी आसंल, पाचव्या दिशी सटवाई येती आन पोराच्या कपाळावर लिवून जाती. पाटा मांडला, वरवंटा ठिवला, हळदकुंकू व्हायलं, आन पूजंला इळा लागतो, तोच इळा, त्याच इळ्याला हळदकुंकू लावून म्हातारीनं पाट्यावर ठिवला आन मला म्हनली पाया पड. पडले. आन ती रात आईनं जागवायची, पोर मांडीवर घिऊन, डोळा लागला की सटवी वंगाळ लिवती. मला अंगात ताप, रगत थांबत नव्हतं, पाच दिस नीट पडले नव्हते, मी भिताडाला टेकले आन झोपले. किती झोपले देव जानं. म्हातारीनं हलवून उठवलं तवा उजाडाया आलं व्हतं आन ती नुसतं बगत ऱ्हायली माझ्याकडं.

सव्या दिशी पोरगा थानाला लागंना. तोंडच उघडंना. बोट घालून बघितलं तर जबडा आसा बसलेला. सातव्याला आंग ताठ व्हाया लागलं, कुनी नुसतं दार लोटलं तरी दचकायचा आन धनुष्यासारखा वाकायचा, येवडंसं पोर. आठव्याला गेला. आन म्हातारी म्हनली, झोपली ना भवानी. पाचवीला झोपली. सटवी काय रिकाम्या हातानं जाती व्हय. बास, तिनं ते धरलं. पानवठ्यावर झोपली, बाजारात झोपली, माझ्या आईला सांगितलं तुमची पोर झोपली. मालक शनवारी आलं, कोपऱ्यात बसलं आन म्हनलं, झोपाया नको व्हतंस. येवडंच म्हनलं. बाई, तलवारीनं मारलं आसतं तरी चाललं आसतं. आन मला तर दोन गुन्हं ठावं व्हतं, येक सगळ्यांना ठावं व्हता तो झोपायचा आन दुसरा माझा मलाच ठावं, मरू दे म्हनलेला. मला वाटलं सटवीनं माझंच आयकलं.

तीन वरसांनी तारीच्या येळंला परत आवनीच्या तोंडावर. आमच्या घरात पोरं ह्याच दिसात यायची, मोकळ्या दिसात कवा यायची न्हाईत. दुसरं बाळतपन म्हंजे सासरीच, माह्यारचं नावच नगं. आदल्या दिशी सकाळी कळा सुरू झाल्या आन दुसऱ्या दिशी दुपार झाली तरी मी आपली अडलेलीच. बाई अडली की घरातल्या समद्या गाठी सोडायच्या, तशी रीत हाय, गाठ सुटली की बाई सुटती. माझं केस सोडलं, लुगड्याची गाठ सोडली, ट्रंकंचं कुलूप उघडलं, पोत्यांची तोंडं सोडली, मालकांच्या सदऱ्याचं बंद सोडलं, मालक घरी व्हतं त्या दिशी, उघडं छाताड घिऊन दारात हुबं. तरी बाई सुटंना. मंग म्हातारी म्हनली, हिच्या मनात माझी अढी हाय, ती सुटल्याबिगर ही सुटनार न्हाई. आन तिनं पितळीत पानी घेतलं, त्यात आपल्या उजव्या पायाचा अंगठा बुडवला, आन मला म्हनली पी.

तो अंगठा मी चिखलात बघितलेला, शेनात बघितलेला. मी तोंड मिटून घेतलं. धुरपामावशी म्हनली, पी गं माझी आई, जिवापरास काय मोठं हाय. निम्मं प्याले. निम्मं तिच्याच पायावर थुकले. म्हातारीचं तोंड बघाया पायजे व्हतं तुमी, मरनाच्या कळा चालल्यात आन मला आतनं बरं वाटलं. मंग ती म्हनली, ढोरं ऱ्हायली की, ढोरांची दावी सोडा! आन सोडली. दोन बैल, येक म्हस, समद्यांची दावी सोडली, आन माझ्याकडं बघत बसली, सुटती का आता. ढोरांना कुटं ठावं की ठकूबाईसाटी सोडलंया. पयला पाऊस खाऊन भाताचं रोप इतभर आलेलं, हिरवंगार, लावायला काडायचं दोन दिसांत, ती समदी रोपात.

कुनीतरी वराडलं, रोप खाल्लं, रोप खाल्लं! आन घरातलं समदं मानूस पळालं बाई. मालक पळालं सदऱ्याचं बंद हलवत, म्हातारी पळाली, नाळ कापायचा इळा तिच्या कंबरंला खोचलेला तो तसाच घिऊन पळाली. घरात ऱ्हायली मी आन धुरपामावशी. आन समदी गेली तवाच, बघा, गर्दी हटली आन तारी बाहीर आली. नाळ कापायला इळा कुटं हाय तर शेतात. धुरपामावशीनं हिकडं तिकडं बघितलं, कोनाड्यात मालकांचं दाढीचं सामान व्हतं, लोनावळ्यासनं आनलेलं, त्यात कागदात गुंडाळलेलं कोरं पातं व्हतं. तिनं कागद फाडला आन त्यानं कापली. लोकं परत आली ती चिखलानं माखलेली, निम्मं रोप ढोरांच्या पोटात, आन पुढ्यात पोरगी. म्हातारी म्हनली, रोपबी गेलं आन पोरगीच. त्या दिसापसनं तारीला घरात रोपखाई म्हनत्यात. लेकराचा काय गुन्हा, ढोरं तिनं सोडली व्हती का?

आन तारीच्या पाचवीला मी काय केलं सांगू. मिरची ठेचून वाटीत घिऊन बसले. डोळा जड झाला की बोट बुडवून पापनीला लावायचं. जळजळ अशी की टाळूपातुर जायची. उजाडंपातुर जागी व्हते, डोळं सुजून हे आसं झालं, पर जागी. आन तारी जगली. सव्याला प्याली, आठव्याला प्याली, महिना झाला, वरीस झालं. म्हातारी म्हनली, बघ, जागलीस तर जगली का न्हाई. मीबी मानलं. म्हंजे पयला माझ्याच झोपंनं गेला, हे पक्कं झालं ना मंग. सहा वरसं बाई, सहा वरसं मी रोज सकाळी उठले की पयली ह्येच आठवायची. झोपायलाच भ्या वाटायचं मला, अजून वाटतं.

मंग मालक तापानं पडलं, हितं रेल्वेच्या लायनीत खोली मिळाली व्हती, रांधाया कुनी न्हाई, म्हनून मला हितं आनली आन मी ऱ्हायले, तारीला घिऊन. लढाईचं दिस, गाड्याच्या गाड्या शिपाई जात्यात घाटातनं, राकेल न्हाई, साखर न्हाई, पर मला हितं बरं वाटलं, कारन मी झोपले हे हितं कुनाला ठावं नव्हतं. तुमचं काम लागलं. आन मंग हे दिस गेलं. तुमीच म्हनला ठकू, दवाखान्यात दाखवून ये, पाय सुजल्यात तुझं. गेले. नर्सबाईनं नाव इचारलं, किती बाळतपनं झाली इचारलं, किती जिवंत इचारलं. मी म्हनलं येक हाय, येक गेला. ती लिवता लिवताच म्हनली, कशानं गेला? मी म्हनलं, मी झोपले म्हनून.

तिनं लिवायचं थांबवलं. म्हनली, काय? मी समदं सांगितलं, पाचवी, सटवाई, ताप, झोप. ती म्हनली, झोपल्यानं कुणाचं मूल मरत नाही हो बाई, तोंड मिटलं होतं का त्याचं, अंग ताठ झालं होतं का? मी म्हनलं व्हय. ती म्हनली, नाळ कशानं कापली होती? मी म्हनलं इळ्यानं. कसला विळा? बैलाच्या गवताचा. उकळला होता का, तापवला होता का? मी म्हनलं पुसला व्हता. तिनं डोळं मिटून घेतलं बाई, आन म्हनली, तो धनुर्वात. शेणामातीतून येतो. विळ्यातून गेला तो त्याच्या अंगात पहिल्याच दिवशी, तुम्ही झोपलात त्याच्या आधी चार दिवस. तुम्ही जागल्या असतात तरी गेला असता. आन मुलीची नाळ कशानं कापली? मी म्हनलं, कोऱ्या पात्यानं. ती म्हनली, मग जगली.

तिला वाटलं मला बरं वाटंल. चांगली बाई हाय ती. पर मला काय झालं सांगू, तळपायाची आग मस्तकाला गेली. दवाखान्यासनं लायनीपातुर मी चालत आले ते कशी आले ठावं न्हाई. सहा आन तीन, नऊ वरसं मला झोपली झोपली म्हनून खाल्लं, मी हाडं झिजवली, मिरची घातली डोळ्यात, आन ते त्या इळ्यात व्हतं, आन त्याच इळ्याला मला पाया पडाया लावलं. माझी तारी जगली ती ढोरांनी रोप खाल्लं म्हनून. आन तिलाच रोपखाई म्हनून हिनवत्यात.

मालकांला सांगितलं. समदं सांगितलं. ते भाकर खात व्हतं, म्हनलं, नर्सा कायबी सांगत्यात, समद्या गावाच्या नाळी इळ्यानंच कापल्यात, आमी जगलो न्हाई का. मी म्हनलं, मी ह्या येळंला दवाखान्यात जानार. ते म्हनलं, आईला काय वाटंल. नऊ वरसांत मला काय वाटलं ते इचारलं न्हाई, आईला काय वाटंल! आन मला न इचारता दूधवाल्याच्या हाती गावाला सांगावा धाडला, दिस भरल्यात, गाडी घिऊन या. मला दूधवाल्याकडनंच कळलं. बोलले न्हाई दोन दिस, भाकर वाढायची आन तोंड फिरवायचं. काय बोलायचं अशा मानसासंगं.

आता खरं सांगते बाई, मला दवाखान्याचंबी भ्या वाटतं. तितंबी बाया मरत्यात. कोन परकी मानसं, लोखंडाची खाट, आन आपलं कुनी न्हाई. पोटातलं हे पोर रातच्याला लाथा मारतं तवा मी त्याला सांगते, बाबा, म्या तुझ्याबाबत तसलं काय मनात आनलेलं न्हाई, तुला लागंल ती शपत घेते. मला हे पायजे. पोरगा आसू दे, पोरगी आसू दे, पायजे. आन कुनी मला म्हनलं ना, मनातली अढी सोड, तर सांगनार न्हाई सोडत. माझी हाय ती. अढी ठिवूनच बाळतीन व्हईन. आज इतकंच ऱ्हाऊ दे, पाठ धरलीया.

बसा बाई, बसा, लिवा, मधी मधी थांबंन मी, सकाळधरनं कळा चालू झाल्यात, अजून लांब लांब हायती. टांगा सांगितलाय तुमी, तो येईपातुर कालचं सांगते. काल गाडी आली. तुमी शाळंत व्हता. लायनीच्या तोंडाला बैल हुबं केलं, म्हातारी उतारली, हातात बोचकं, डिंक, खारीक, हळिवाचं लाडू, जुन्या लुगड्यांची नवी दुपटी शिवलेली तिनं, चार. मला म्हनली, चल, आवर, दिस हाय तवर कामशेत गाठू. मी म्हनलं, आत्याबाई, मी येनार न्हाई. म्हनली, का गं? मालक मधीच, आई तू बस, चहा घे. मी म्हनलं, चहा बिहा नंतर. आन मंग बाई माझं तोंड सुटलं. आख्खी लायन गोळा झाली, गँगातल्या समद्यांच्या बाया दारात. मी म्हनलं, माझा पोरगा झोपंनं न्हाई मेला, तुमच्या इळ्यानं मेला. शेनाचा इळा लुगड्याला पुसून दिलात तुमी. तुमी मारलात त्याला आन नऊ वरसं माझ्या डोक्यावर घातलात. नर्सबाई म्हनली ते समदं सांगितलं, जबडा, ताठ आंग, धनुर्वात, समदं.

मला वाटलं ती आता वराडंल. मी कंबर बांधूनच हुबी व्हते. ती वराडली न्हाई. उंबऱ्यावर बसली. बोचक्याची गाठ कुरवाळाया लागली. मंग म्हनली, तोंड मिटून गेलं की ते इळ्याचं आसतं व्हय? मी म्हनलं व्हय. म्हनली, समद्यांचं? मी म्हनलं, नर्सबाई तसंच म्हनली. तवा ती म्हनली, मपली चार पोरं गेली. ह्याच्या आधी.

मालक तिच्या तोंडाकडं बघाया लागलं. मला ठावं व्हतं की मालकांच्या आधी कायतरी झालं गेलं व्हतं, येवडंच, कुनी बोलायचं न्हाई. ती बोटं मोडत म्हनली, येक सातव्याला, दोन आठव्याला, येक नवव्याला. चारींची तोंडं मिटलेली. आन मी झोपले नव्हते गं ठके. चारीबी येळंला जागी व्हते. येकदाबी डोळा लागू दिला न्हाई.

बाई, मला राग आला, आसा राग मला त्या नर्सबाईम्होरंबी आला नव्हता. मी म्हनलं, जागून बी मेली, तुमाला ठावं व्हतं जागून बी मरत्यात, मंग मला का बोलला? नऊ वरसं का बोलला? ती म्हनली, मी सासूला सांगायची मी जागी व्हते, सासू म्हनायची झोपली आसशील. पयल्याला म्हनली, दुसऱ्याला म्हनली. चौथा गेला तवा माझं मलाच वाटाया लागलं, की झोपले आसंन, मला कळलं नसंल. मंग तू झोपलीस. मी डोळ्यानं बघितलं तुला झोपलेली. मला बरं वाटलं गं. पाप लागंल, पर बरं वाटलं. म्हनलं हाय बाई हे खरं, झोपल्यानंच जात्यात.

आता सांगा, आशा बाईला काय म्हनायचं मी? मी तिच्या गळ्यात पडले न्हाई. रडले न्हाई. मला अजून राग हाय, तिचा हाय, तिच्या सासूचा हाय, मालकांचा तर हायच, ते काल म्हनलं, आई, मला हे ठावं नव्हतं, मी म्हनलं तुमाला ठावं करून घ्यायचं नव्हतं. पर राग कुटं ठिवायचा तेच कळंना झालंय. इतकी वरसं येक जागा व्हती त्याला. गाडी मी रिकामी परत धाडली. म्हातारी गेली न्हाई. रातभर तारीपाशी पडून व्हती, आन सकाळी तारीला म्हनली, तारे, तारे म्हनली, रोपखाई न्हाई म्हनली.

थांबा. आली. ... ही मोठी व्हती. हात द्या बाई. ... हां. गेली.

टांगा आला का? येऊ दे. हे बघा, तुमी संगं येनार, नर्सबाई हाय, मला काय कमी न्हाई. तारीला तुमच्या घरी ठिवा, भाकर दुरडीत हाय, दूध उकळून द्या. ती म्हातारी बघा तुमच्या पायरीवर बसलीया, बोचकं मांडीवर घिऊन, आत या म्हनलं तरी येईना, मला इचारीना बी मी येऊ का म्हनून. तिला म्हनावं, चल टांग्यात बस. पर आधी मोरीवर जाऊन हात धू. साबनानं धू म्हनावं, नखं काडून, चांगलं कोपरापातुर, आन मंग ये.